बॅचमध्ये पाठवलेल्या काही विनंत्यांचे उत्तर येतच नाही : आयओ युरिंगमधली पुन्हा पुन्हा उद्भवणारी अडचण

आयओ युरिंग, म्हणजे वाचन-लेखनाच्या विनंत्या लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) देऊन उत्तरे नंतर उचलण्याची सोय, वापरणाऱ्यांच्या तक्रारीचे स्वरूप बहुतेक वेळा एकसारखे असते. प्रोग्राम एकेक विनंती पाठवत होता तोपर्यंत बिनचूक चालत होता; सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला मारायच्या हाका, कमी व्हावेत म्हणून वाचनाच्या आणि लेखनाच्या विनंत्या बॅचमध्ये पाठवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून तो कधी दहा मिनिटांनी, तर कधी दोन दिवसांनी जागच्या जागी थांबतो. सीपीयूचा वापर शून्यावर येतो, लॉगमध्ये चुकीची एकही ओळ नसते, डिस्क रिकामी बसलेली असते. प्रोसेस मारून पुन्हा सुरू केली की सगळे सुरळीत चालते, आणि नेमके त्यामुळेच मूळ कारण शोधायचे राहून जाते. पुढच्या आठवड्यात तीच तक्रार परत येते.

बॅचमुळे आलेली अडचण मी माझ्याच कोडमध्ये तीन वेळा सोडवली आहे, एकदा प्रोग्राम थांबत होता आणि दोनदा मजकूर चुकीचा येत होता, आणि तिन्ही वेळा कारण वेगळे निघाले. तरीही तिन्ही कारणांच्या मुळाशी एकच गोष्ट होती : आपण किती विनंत्या तयार केल्या, कर्नलने त्यांतल्या किती उचलल्या आणि किती पूर्ण झाल्या, हे तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि माझ्या कोडने त्यांना एकच आकडा मानले होते. एकेक विनंती पाठवताना हे तिन्ही आकडे आपोआप जुळतात, म्हणून चूक झाकलेली राहते. बॅच आली की ते एकमेकांपासून सुटतात. त्यामुळे कर्नलवर संशय घेण्याआधी ताळा कुठे जमत नाही ते पाहावे, हे माझे ठाम मत आहे. कर्नलमध्ये दोष नसतातच असे नाही, पण या लक्षणासाठी तिथपर्यंत जाण्याची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे निदान तिच्यावरच उभे आहे. आयओ युरिंग ही जेन्स ॲक्सबो यांनी लिहिलेली सोय लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत, २०१९ साली आली. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यात सामाईक मेमरीत दोन वर्तुळाकार रांगा असतात. सबमिशन रांगेत आपण विनंत्या मांडतो; प्रत्येक नोंद ६४ बाइटची असते. कम्प्लिशन रांगेत कर्नल उत्तरे ठेवतो. तिथली नोंद नेहमीच्या मांडणीत १६ बाइटची असते, आणि ही रांग वेगळे काही सांगितले नाही तर सबमिशन रांगेच्या दुप्पट लांबीची असते. प्रत्येक रांगेला एक हेड आणि एक टेल असतो. मांडणारा टेल पुढे सरकवतो, उचलणारा हेड पुढे सरकवतो. विनंत्या मांडून झाल्या की एका सिस्टिम कॉलने कर्नलला जागे करायचे, एवढीच बॅचिंगची कल्पना आहे. उत्तरे ज्या क्रमाने विनंत्या गेल्या त्याच क्रमाने येतील अशी कोणतीही हमी नाही. कोणते उत्तर कोणत्या विनंतीचे, हे विनंतीत आपणच भरलेल्या ६४ बिटच्या खुणेवरून ओळखायचे.

आधी चार आकडे वाचा

अडकलेला प्रोग्राम लगेच मारू नये. तो जिवंत आणि थिजलेला असतानाच सर्वांत जास्त बोलतो. प्रॉक फाइलसिस्टिममध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एफडीइन्फो नावाची डिरेक्टरी असते; रिंगचा (या दोन रांगांच्या जोडीचा) जो फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे कर्नलने दिलेला क्रमांक, असेल त्या क्रमांकाची फाइल तिथे उघडली की अलीकडच्या कर्नलवर एसक्यू हेड, एसक्यू टेल, सीक्यू हेड आणि सीक्यू टेल असे चार आकडे छापलेले दिसतात; एसक्यू म्हणजे सबमिशन रांग आणि सीक्यू म्हणजे कम्प्लिशन रांग. हे आकडे रांगेच्या लांबीपाशी येऊन पुन्हा शून्यावर जात नाहीत. ३२ बिट भरेपर्यंत ते सतत वाढत राहतात, आणि म्हणून त्यांची वजाबाकी थेट अर्थपूर्ण असते.

माझ्या पहिल्या प्रकरणात हे आकडे असे होते : एसक्यू हेड ८२०९, एसक्यू टेल ८२५६, सीक्यू हेड आणि सीक्यू टेल दोन्ही ८२०९. बॅच ६४ ची होती. ८२५६ हा ६४ चा पूर्ण पट आहे, म्हणजे प्रोग्रामने बॅच पूर्ण मांडली होती. पण कर्नलने तिच्यातल्या फक्त १७ उचलल्या होत्या, उरलेल्या ४७ रांगेत तशाच पडून होत्या, आणि उचललेल्या प्रत्येक विनंतीचे उत्तर आलेले होते. इकडे प्रोग्राम मात्र अठराव्या उत्तराची वाट पाहत बसला होता. जे पाठवलेच नाही त्याचे उत्तर येणार कुठून?

चार आकड्यांवरून प्रकरण चारपैकी एका प्रकारात मोडते. एसक्यू टेल एसक्यू हेडच्या पुढे असेल तर विनंत्या पाठवायच्याच राहिल्या आहेत. सीक्यू टेल सीक्यू हेडच्या पुढे असेल तर उत्तरे आलेली आहेत, आपणच ती उचललेली नाहीत. दोन्ही रांगा रिकाम्या असून एसक्यू हेड सीक्यू टेलपेक्षा मोठा असेल, तर विनंत्या खरोखरच कर्नलच्या हातात आहेत. आणि चारही आकडे सारखे असतील तर रिंगच्या दृष्टीने सगळे काम संपलेले आहे; चुकला आहे तो आपल्या प्रोग्राममधला मोजणीचा चल. एका विनंतीला अनेक उत्तरे देणारे मल्टीशॉट प्रकार, किंवा यशस्वी विनंतीचे उत्तर गाळण्यास सांगणारा ५.१७ पासूनचा फ्लॅग वापरत असाल, तर एसक्यू हेड आणि सीक्यू टेल यांची ही तुलना लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विनंत्या पाठवायच्याच राहिल्या असतील तर

१७ आणि ६४ चा खुलासा असा. नेहमीच्या वागणुकीप्रमाणे कर्नल बॅचमधल्या विनंत्या एकामागून एक उचलतो आणि उचलतानाच एखादी चुकीची निघाली, म्हणजे कामाचा प्रकार त्याला ठाऊक नसेल किंवा रकान्यांत न चालणारी किंमत भरलेली असेल, तर त्या विनंतीचे नकारार्थी उत्तर ठेवून तो तिथेच थांबतो. उरलेल्या विनंत्यांना तो हात लावत नाही. सिस्टिम कॉल चूक म्हणून परत येत नाही. तो परत येतो १७ हा आकडा घेऊन, आणि या १७ मध्ये ती चुकीची विनंतीही मोजलेली असते. ‘६४ पाठव आणि ६४ उत्तरे येईपर्यंत थांब’ असे एकाच कॉलमध्ये सांगितले असेल, तरी सगळ्या विनंत्या उचलल्या न गेल्यामुळे कर्नल थांबण्याचा भाग सोडून देतो आणि लगेच परततो.

एसट्रेस हे सिस्टिम कॉल छापून दाखवणारे साधन लावून पाहिले तर हे दोन ओळींत दिसते. पहिल्या ओळीत एंटर कॉलला, म्हणजे विनंत्या पाठवणाऱ्या सिस्टिम कॉलला, ६४ विनंत्या दिलेल्या असतात आणि बरोबरच्या चिन्हापुढे १७ असते. त्यानंतरच्या शेवटच्या ओळीत पाठवायच्या विनंत्या ० आणि हवी असलेली उत्तरे १ असा कॉल अर्धवट लटकलेला असतो. माझ्या कोडमध्ये पहिल्या कॉलच्या परतीच्या किमतीची तपासणी होती, पण ती ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ एवढीच. १७ शून्यापेक्षा कमी नाही, म्हणून सगळे ठीक मानले गेले. ती सतरावी विनंती माझ्या विकासाच्या मशीनवरच्या नव्या कर्नलला कळत होती. जिथे प्रोग्राम चालत होता तिथल्या जुन्या कर्नलने तिला उणे २२ असे उत्तर दिले, म्हणजे ‘अवैध मूल्य’. असा कामाचा प्रकार क्वचितच लागत असे, म्हणून प्रोग्राम दोन दोन दिवस नीट चालत असे.

यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही करावेत. पहिला म्हणजे परत आलेला आकडा मांडलेल्या विनंत्यांशी ताडून पाहणे आणि तो कमी असेल तर पुन्हा पाठवणे. लिबयुरिंग या आयओ युरिंगच्या लायब्ररीचे सबमिट फंक्शन रांगेत उरलेल्या विनंत्या पुढच्या हाकेत आपोआप मोजते, त्यामुळे नुसते पुन्हा बोलावले तरी उरलेल्या ४७ निघतात. दुसरा म्हणजे रिंग तयार करताना ‘सबमिट ऑल’ हा फ्लॅग देणे, कर्नल ५.१८ पासून तो उपलब्ध आहे आणि तो दिल्यावर एखादी विनंती चुकीची निघाली तरी कर्नल पुढच्या उचलत राहतो. दुसरा उपाय केला म्हणून पहिला सोडू नये, कारण जुन्या कर्नलवर हा फ्लॅग दिल्यास रिंगच तयार होत नाही आणि तिथे फ्लॅगशिवायचा मार्ग ठेवावाच लागतो. ज्यांनी लिबएआयओ या अशाच कामाच्या जुन्या लायब्ररीवर काम केले आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. तिथलाही सबमिट कॉल दिल्यापेक्षा कमी आकडा परत करू शकत असे, आणि तिथेही लोक फक्त ऋण आकडा तपासत असत.

याच प्रकारातले दुसरे कारण अधिक साधे आहे आणि त्यामुळेच अधिक वेळा घडते. ‘३२ विनंत्या जमल्या की पाठवायच्या’ असा नियम लिहिलेला असतो. गर्दीच्या वेळी तो उत्तम चालतो. गर्दी ओसरली की १९ विनंत्या जमतात, विसावी यायची असते ती या १९ मधल्या एखादीचे उत्तर आल्यावरच, आणि उत्तर यायचे तर ती आधी पाठवायला हवी. दोघे एकमेकांची वाट पाहतात. इथे आकडा वाढवून किंवा कमी करून काही साधत नाही. नियमच बदलावा लागतो. वाट पाहायला जाण्यापूर्वी, मग ती रिंगवर असो, इपोलवर (अनेक डिस्क्रिप्टरवर एकत्र लक्ष ठेवणाऱ्या सोयीवर) असो किंवा एखाद्या कंडिशन व्हेरिएबलवर असो, हातात जे काही जमले असेल ते पाठवायचे. बॅच किती मोठी झाली हा प्रश्न ‘आता थांबायचे आहे का’ या प्रश्नाच्या मागे यायला हवा. लिबयुरिंगचे ‘सबमिट अँड वेट’ हे फंक्शन नेमके यासाठीच आहे. पाठवणे आणि थांबणे एकाच सिस्टिम कॉलमध्ये होते, म्हणजे या शिस्तीची वेगळी किंमतही मोजावी लागत नाही.

तिसरे कारण कर्नलच्या स्वतंत्र थ्रेडकडून रांग तपासून घेणारी एसक्यूपोल पद्धत वापरणाऱ्यांसाठी आहे. हा थ्रेड ठरावीक काळ काहीच आले नाही तर झोपतो. काळ सांगितला नसेल तर तो एक सेकंद असतो. झोपण्यापूर्वी तो सामाईक मेमरीत ‘मला जागे करावे लागेल’ असा फ्लॅग लावतो. लिबयुरिंग हे सगळे स्वतः सांभाळते. ज्यांनी रांगा हाताने हाताळल्या आहेत त्यांच्याकडून मात्र टेल लिहिणे आणि तो फ्लॅग वाचणे यांच्यामधला पूर्ण मेमरी बॅरियर (प्रोसेसरला लेखन-वाचनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) राहून जातो. मग प्रोसेसर वाचन आधी आणि लेखन नंतर करतो, थ्रेड त्याच क्षणी झोपतो, आणि विनंती रांगेत पडून राहते. हा दोष वर्षातून दोनदा दिसेल आणि डीबगर लावल्यावर कधीच दिसणार नाही. विशेष कारण नसेल तर रांगा हाताने हाताळू नयेत असे मी म्हणेन.

उत्तरे आली, पण उचलली नाहीत

सीक्यू टेल पुढे असूनही प्रोग्राम झोपलेला असेल, तर तो बहुधा रिंगवर थेट झोपलेला नसतो, कारण रिंगवर थांबणाऱ्याला ते उत्तर लगेच मिळाले असते. तो इव्हेंटएफडीवर (उत्तर आल्याची सूचना देणाऱ्या डिस्क्रिप्टरवर) किंवा इपोलवर झोपलेला असतो. इथली चूक ठरलेली आहे : एक सूचना म्हणजे एक उत्तर असे मानले जाते. एकेक विनंती पाठवताना ते खरे ठरत असे. बॅचमध्ये ४० उत्तरे लागोपाठ येतात, त्या सगळ्यांची मिळून एकच जाग येते, प्रोग्राम एक उत्तर उचलून परत झोपतो आणि ३९ उत्तरे रांगेत राहतात. जाग आली की रांग रिकामी होईपर्यंत उचलत राहायचे, हा त्यावरचा उपाय. उत्तरे घाऊक उचलणारे फंक्शन वापरत असाल तर हेड जितकी उत्तरे खरोखर हाताळली तितक्यानेच पुढे सरकवावा. मधल्या एखाद्या चुकीच्या उत्तरावर लूप तोडून बाहेर पडल्यावरही पूर्ण आकड्याने हेड सरकवलेला मी पाहिला आहे, आणि तिथे उरलेली उत्तरे न वाचताच पुसली जात होती.

इथेच एक उलटे लक्षणही नोंदवतो, कारण त्याचा गोंधळ होतो. सीपीयू शून्यावर नसून एक कोअर पूर्ण भरलेला असेल आणि तरीही उत्तर दिसत नसेल, तर रिंग ‘डिफर टास्करन’ या ६.१ पासूनच्या फ्लॅगने तयार केली आहे का ते पाहावे. या पद्धतीत उत्तरे ठेवण्याचे काम प्रोग्राम स्वतः उत्तरांसाठी कर्नलमध्ये शिरेपर्यंत पुढे ढकललेले असते. नुसते सामाईक मेमरीत डोकावत फिरणाऱ्या लूपला ती कधीच दिसत नाहीत.

विनंत्या खरोखरच कर्नलकडे असतील तर

या प्रकारात आधी पाहावे की उत्तरांची रांग ओसंडली आहे का. सबमिशन रांग ६४ जागांची आहे, म्हणजे एका वेळी ६४ च विनंत्या बाहेर असू शकतात, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कर्नलने विनंती उचलली की तिची जागा त्याच क्षणी मोकळी होते, काम पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. त्यामुळे उत्तरे न उचलता दहा बॅचा लागोपाठ पाठवल्या तर ६४० विनंत्या बाहेर असतात आणि उत्तरांसाठी जागा मात्र १२८ च असतात. ५.५ पूर्वीचे कर्नल अशा वेळी जादा उत्तरे टाकून देत आणि फक्त एक गणक वाढवत. ५.५ पासून कर्नल ती स्वतःकडे एका यादीत धरून ठेवतो, आणि आपण उत्तरांसाठी कर्नलमध्ये शिरलो की जागा होईल तशी रांगेत सरकवतो. साचलेले सगळे सरकवता आले नाही तर एंटर कॉल उणे १६, म्हणजे ‘व्यस्त’, परत करू शकतो. उणे १६ हे अपयश समजून प्रोग्राम बंद करू नये, आणि गोल फिरून तोच कॉल पुन्हा पुन्हा करूही नये : आधी उत्तरे उचलून जागा करावी, मग पाठवावे.

खरा उपाय म्हणजे बाहेर असलेल्या विनंत्यांवर स्वतःची मर्यादा ठेवणे. पाठवलेल्या वजा पूर्ण झालेल्या हा आकडा कम्प्लिशन रांगेच्या लांबीपलीकडे जाऊ द्यायचा नाही. रांगेची लांबी रिंग तयार करताना वेगळी मागता येते, पण लांबी वाढवणे ही सवलत आहे, मर्यादेला पर्याय नव्हे.

रांग ओसंडलेली नसेल, तर बॅचमध्ये अशी एखादी विनंती आहे का पाहावे जी कधीच पूर्ण होणार नाही. गप्प बसलेल्या सॉकेटवरचे वाचन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ती एकटी असती तर काही बिघडले नसते; पण नंतरच्या एखाद्या विनंतीवर ‘आधीचे सगळे पूर्ण होऊ दे’ असे सांगणारा ड्रेन फ्लॅग असेल, तर एका गप्प सॉकेटमुळे त्यामागच्या सगळ्या फाइलींचे काम थांबते. ड्रेन हा फ्लॅग मी फाइल आणि सॉकेट एकाच रिंगवर असताना वापरत नाही. सॉकेटच्या विनंतीला जोडून कालमर्यादेची विनंती द्यावी, म्हणजे ती कधी ना कधी परत येते.

चारही आकडे सारखे, तरी प्रोग्राम थांबलेला

हा प्रकार सर्वांत चिडचिड करायला लावणारा, कारण रिंग निर्दोष दिसते. विनंती रांगेत पोहोचण्याआधीच हरवलेली असते, किंवा तिचे उत्तर येऊनही आपल्या हिशेबात धरले गेलेले नसते.

हरवण्याचा एक मार्ग म्हणजे रांग भरलेली असताना मिळणारा रिकामा पॉइंटर. ६४ जागांच्या रिंगमध्ये पासष्टावी नोंद मागितली की लिबयुरिंग नल देते. ‘नल आला तर पुढे चला’ असे लिहिले असेल आणि मोजणीचा चल मात्र आधीच वाढवला असेल, तर एका विनंतीची वाट कायमची पाहावी लागते. नल आला की पाठवायचे, आणि पुन्हा मागायचे. दुसरा मार्ग दोन थ्रेडचा. लिबयुरिंगची रिंग थ्रेडसाठी सुरक्षित नाही. दोन थ्रेडनी एकाच वेळी नोंद मागितली तर दोघांना एकच जागा मिळू शकते आणि दुसऱ्याचे लेखन पहिल्याच्या वर चढते. प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र रिंग देणे हा माझा आवडता उपाय आहे. लॉक घालूनही काम भागते, पण बॅचिंगने जे कमावले त्यातले बरेचसे लॉकमध्ये जाते. असा प्रकार कुठे घडतो आहे हे शोधण्यासाठी ६.० पासूनचा ‘सिंगल इश्युअर’ फ्लॅग तात्पुरता लावून पाहावा : दुसऱ्या थ्रेडने पाठवण्याचा प्रयत्न करताच त्याला उणे १७ मिळते आणि चोर जागच्या जागी सापडतो.

उत्तर हिशेबात न धरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अपुरे वाचन. ३२,७६८ बाइट मागितले, १२,२८८ आले. ही चूक नाही, आणि बॅचमुळे ती घडते असेही नाही. पण जो प्रोग्राम बाइट मोजून ‘फाइल पूर्ण झाली’ असे ठरवतो, तो उरलेल्या २०,४८० बाइटांची विनंती स्वतः पुन्हा मांडेपर्यंत ते येणार नाहीत. विनंत्यांची साखळी जोडलेली असेल तर अपुऱ्या वाचनाने ती तुटते आणि मागच्या विनंत्या उणे १२५ घेऊन परततात, म्हणजे रद्द झाल्या. त्यांचीही उत्तरे येतातच. नकारार्थी उत्तरे बाजूला टाकणाऱ्या कोडला ती दिसत नाहीत एवढेच.

प्रोग्राम थांबत नाही, पण मजकूर चुकीचा येतो

हे तक्रारीच्या मूळ स्वरूपाबाहेरचे असले तरी मूळ तेच आहे, आणि नुकसान जास्त आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. विनंती मांडणे आणि कर्नलने ती उचलणे यांच्यात बॅचमुळे एक पोकळी तयार होते. एकेक पाठवताना ही पोकळी नव्हती. त्या पोकळीत ज्या ज्या गोष्टी बदलतात त्या कर्नलला बदललेल्या दिसतात.

माझ्या दुसऱ्या प्रकरणात लूपच्या आत एक स्थानिक आयओव्हेक (बफरचा पत्ता आणि लांबी ठेवणारे स्ट्रक्चर) होता. प्रत्येक फेरीत त्यात नव्या बफरचा पत्ता भरून वाचनाची विनंती मांडली जात असे आणि लगेच पाठवली जात असे. ५.५ पासूनचे कर्नल विनंती उचलताना आयओव्हेकमधली माहिती स्वतःकडे उतरवून घेतात, त्यामुळे तो कोड बरोबरच होता. मग ‘पाठवा’ ही ओळ लूपच्या बाहेर नेली. आता ६४ विनंत्यांमध्ये एकाच आयओव्हेकचा पत्ता होता आणि त्यात शेवटच्या फेरीची किंमत होती. ६४ फाइलींचा मजकूर एकाच बफरवर एकावर एक लिहिला गेला, ६४ यशस्वी उत्तरे आली, आणि ६३ बफरांत आधीचा कचरा राहिला. बदल एका ओळीचा होता. कालमर्यादेच्या विनंतीतल्या वेळेच्या स्ट्रक्चरलाही हेच लागू आहे. मजकुराचा बफर तर उत्तर येईपर्यंत, उचलण्याच्या क्षणापर्यंत नव्हे, जिवंत आणि अस्पर्श ठेवावा लागतो.

तिसरे प्रकरण फाइल डिस्क्रिप्टरचे. विनंती पाठवून झाल्यावर फाइल बंद केली तर चालते, कारण कर्नलने फाइलचा संदर्भ धरून ठेवलेला असतो. विनंती मांडून, पण पाठवण्यापूर्वी, बंद केली तर बरे झाले तर उणे ९, म्हणजे ‘अवैध डिस्क्रिप्टर’, येते. वाईट झाले तर मधल्या काळात दुसरी फाइल उघडली जाते, तिला नेमका तोच मोकळा झालेला क्रमांक मिळतो, कारण कर्नल सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतो, आणि विनंती निमूटपणे भलतीच फाइल वाचून आणते. लेखनाची विनंती असती तर काय झाले असते याचा विचार मी त्या दिवशी फार वेळ केला नाही. तेव्हापासून माझ्या कोडमध्ये फाइल बंद करण्याचे काम तिच्या शेवटच्या विनंतीचे उत्तर उचलणाऱ्या जागी असते, दुसरीकडे कुठेही नाही.

बॅच किती मोठी ठेवावी याबद्दल

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. सिस्टिम कॉलचा खर्च बॅचमधल्या विनंत्यांत वाटला जातो. १६ ची बॅच केली की प्रत्येक विनंतीमागचा तो खर्च सोळावा हिस्सा उरतो, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के बचत तिथेच झाली. १६ वरून २५६ वर गेल्याने उरलेल्या सहा टक्क्यांतलेच काहीतरी मिळते, आणि त्या बदल्यात पहिली विनंती शेवटची मांडली जाईपर्यंत ताटकळत राहते. मी १६ किंवा ३२ वर थांबतो आणि वेळ वर सांगितलेल्या मोजणीत घालवतो.

दुरुस्ती झाली याची खात्री कशी करावी

नेहमीच्या आकाराच्या रिंगवर चाचणी चालवून काही सिद्ध होत नाही. तिथे हा दोष दोन दिवस लपलेलाच होता. चाचणीसाठी रिंग चार जागांची करावी, म्हणजे उत्तरांची रांग आठ जागांची होते, आणि तिच्यावर हजारो लहान विनंत्या सोडाव्यात. रांग भरणे, नल मिळणे, ओसंडणे हे सगळे मग सेकंदाला अनेकदा घडते. त्यात ठरावीक अंतराने कामाचा प्रकार २५५ असलेली एक विनंती मुद्दाम घालावी. कर्नल तिला ओळखत नाही आणि बॅच मध्येच तोडतो. वाचायच्या फाइलींत काही रिकाम्या ठेवाव्यात, काही मागितलेल्या लांबीपेक्षा लहान. उत्तर उचलण्याच्या जागी तयार केलेल्या, पाठवलेल्या आणि पूर्ण झालेल्या विनंत्यांचे तीन गणक ठेवून, पूर्ण झालेल्या पाठवलेल्यांपेक्षा आणि पाठवलेल्या तयार केलेल्यांपेक्षा कधीही जास्त होत नाहीत, अशी असर्ट लिहावी, आणि शेवटी तिन्ही समान आहेत का ते पाहावे. माझ्या पहिल्या प्रकरणातला जुना कोड या चाचणीत पाचव्या बॅचलाच थांबला, आणि एफडीइन्फोत एसक्यू हेड १८, एसक्यू टेल २० होता.